उजव्या बाजूची बोली

शिमगा झाला की आमच्या खांदा कॉलनीतल्या घरी सुक्या बोंबलांची पिशवी यायची. आणायची ती करंज्याची एक कोळीण, माझी पेशंट. बायको दार उघडायची, तिला पाणी द्यायची आणि आत येऊन मला म्हणायची, "तुमची कोळीण आलीय. बाहेर तरी या." मी बाहेर गेलो की ती उठून उभी राहायची आणि समोरच्या ब्लॉकमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "या डाक्टरनं माजा जीव वाचवला. माज्या डोक्यातली गाठ यानं पकडली." मी हात जोडायचो.

बोंबील घरात शिजायचे. मी त्या दिवशी वरणभात खायचो.

"तुमचं पोट नेमकं तिचेच बोंबील आले की कसं बिघडतं हो?" बायकोनं एकदा विचारलं.

"खारवलेलं सोसत नाही आता," मी म्हटलं. तिनं वरणाची वाटी माझ्यापुढे सरकवली. आमच्याकडे असं बरंच काही न बोलता चालतं.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. दवाखाना जुन्या पनवेलात, तळ्याच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर. मुळात कमी बोलणारा माणूस. पेशंटना ते आवडतं. त्यांना वाटतं, डॉक्टर विचार करतोय. कित्येकदा मी विचार करत नव्हतो, नुसता गप्प होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

तिला पहिल्यांदा माझ्याकडे आणलं ते तिच्या घरच्यांनी नव्हे, उरणच्या एका मासळीच्या व्यापाऱ्यानं. कोकणी मुसलमान, पांढरी दाढी, अंगाला बर्फाच्या पेटीचा वास. करंज्याहून माल उचलून पनवेलच्या बाजारात आणायचा. तो तिच्या आधी आत आला आणि खुर्चीवर बसण्याआधीच सुरू झाला.

"डॉक्टरसाहेब, हिचा कान बघा. नाहीतर माझा धंदा तरी बघा."

"गप रं मेल्या," ती म्हणाली. "कान माजा हाय, मी सांगन."

तेव्हा ती पंचेचाळिशीची असेल. नवऱ्याच्या आणि दिराच्या होडीचा माल बंदरावर उतरला की लिलाव तीच पुकारायची. मासळीच्या पाट्या मांडायच्या, भोवती घेणारे गोळा व्हायचे, ती भाव पुकारत जायची आणि चारी बाजूंनी बोल्या यायच्या. शेवटची बोली ज्याची त्याची पाटी. इतकी वर्षं कधी चूक नाही. पण त्या हंगामात तिच्या उजव्या अंगाला उभे राहणाऱ्यांच्या बोल्या तिला ऐकू येईनात. कधी ऐकू यायच्या, पण डावीकडून आल्यासारख्या. मग ती डावीकडच्याला पाटी देऊन टाकायची. डावीकडे नेमकी तिच्या माहेरची दोन माणसं उभी राहायची. झालं. बंदरावर बोलणं सुरू झालं, की बाई माहेरच्यांना माल देते.

"मी उजव्या अंगाला उभा राहतो, माझ्या वालिदच्या वेळेपासून," व्यापारी म्हणाला. "मी घसा फोडून ओरडतो, ही दुसरीकडं बघते. परवा म्हटलं, बाय, मी काय कब्रस्तानातून बोलतोय?"

"मंग डावीकरं येऊन उभा राहा ना."

"वा! कान तुझा खराब आणि जागा मी सोडू?"

मी हसलो. त्या हसण्याचीही आता लाज वाटते. कारण त्या भांडणात सगळं निदान होतं. आवाज कुठून आला हे कळायला दोन कान लागतात. एक गेला की माणूस बहिरा होत नाही, त्याची दिशा जाते. आणि दुखणं नाही, पू नाही, पडदा स्वच्छ, मध्यम वयात एकाच बाजूचा कान हळूहळू जातोय, वर होडीच्या फळीवरून उतरताना हल्ली झोक जातो असंही ती म्हणाली होती. हे सगळं एकत्र ठेवलं तर एक संशय घ्यायलाच हवा. कवटीच्या तळाशी, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर एक गाठ होऊ शकते. क्वचित होते. कॅन्सर नव्हे. कुठे पसरत नाही, वर्षानुवर्षं इंचाइंचानं नव्हे, दोऱ्यादोऱ्यानं वाढते. आम्ही तिला साधी गाठ म्हणतो. पण ती जिथं असते ती जागा साधी नाही. त्याच अरुंद वाटेवरून चेहऱ्याची नस जाते, आणि पलीकडे मेंदूचा देठ असतो, ज्याच्यावर श्वास चालतो.

मला तो संशय आला नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं असं, की तो आला आणि मी तो बाजूला ठेवला. कानात तीन चिमुकली हाडं असतात. त्यातलं आतलं हाड कधी कधी घट्ट धरतं आणि ऐकू येणं कमी होतं. त्याचं ऑपरेशन मी नुकतंच शिकून आलो होतो. दोन केसेस चांगल्या झाल्या होत्या. तिसरी मी शोधतच होतो.

मी नादकाटा काढला. पोलादाचा दोन दातांचा काटा असतो, ठोकला की घुमतो. तो कपाळाच्या मध्यावर टेकवायचा आणि विचारायचं, कुठल्या कानात जास्त वाजतो. हाड धरलेलं असेल तर तो खराब कानात वाजतो. नसच गेली असेल तर चांगल्या कानात. इतकी सोपी परीक्षा. विजेची गरज नाही, यंत्राची नाही. गरज फक्त पेशंटचं उत्तर ऐकून घ्यायची.

मी काटा टेकवला. तिनं लगेच डाव्या कानाकडे बोट दाखवलं. चांगल्या.

"नीट ऐका," मी म्हटलं. "कुठल्या कानात वाजतं?"

बोट डावीकडेच.

मला वाटलं, बाईला प्रश्न कळला नाही. गावाकडून आलेल्या पेशंटबद्दल आम्हाला हे फार लवकर वाटतं. मी काटा पुन्हा ठोकला, जरा जोरात. आवाजही चढला असेल. "घाई करू नका. विचार करून सांगा. जास्त कुठे?"

तिनं डोळे वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही. शाळेत बाई पुन्हा विचारतात तेव्हा पोर जसं बघतं, 'म्हणजे आपलं चुकलं, मग बरोबर काय असेल?', तसं. तिचं डावं बोट खाली आलं आणि तिनं उजव्या कानाला हात लावला.

"शाब्बास," मी म्हणालो.

मग यंत्रावर तपासणी केली. तीही माझ्या बाजूनं झाली, कारण मी तिला तशी होऊ दिली. कवटी एकच असते. खराब कानाशी दिलेला आवाज हाडातून पलीकडे जातो आणि चांगला कान त्याच्या वतीनं 'हो, ऐकू आलं' म्हणतो. म्हणून चांगल्या कानात त्या वेळी खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवायचं असतं. माझ्या जुन्या मशीनची ती खरखर बंद पडली होती. दुरुस्तीला टाकू, टाकू, असं चाललं होतं. नाहीतरी काटा मला हवं ते बोलला होता.

"आतलं हाड धरलंय," मी सांगितलं. "घाबरण्यासारखं काही नाही. सवड झाली की ऑपरेशन करू. तोवर चालेल."

व्यापाऱ्यानं कपाळाला हात लावला. "म्हणजे जागा मलाच सोडावी लागणार."

आणि त्यानं ती सोडली. तो डावीकडे गेला, त्याच्या मागून बाकीचेही सरकले. हे मला नंतर कळलं. हळूहळू असं झालं, की तिच्या उजव्या अंगाला कुणी उभंच राहीना. अख्ख्या बंदरानं तिच्या कानाची सोय केली. भांडणं मिटली, तक्रार उरली नाही, आणि माझ्याकडे परत यायचं कारणही उरलं नाही. सवड काही तिला झाली नाही. दोन-अडीच वर्षं गेली. मधल्या काळात मला तिची एकदाही आठवण झाली नाही, हेही लिहितो.

परत आली तेव्हा तिला दोघांनी धरून जिना चढवला. जमीन होडीसारखी हलते म्हणत होती. उजवा गाल बधिर. जेवताना माशाचा काटा गालात रुतला होता आणि तो तिला नाही, तिच्या सुनेला रक्त दिसल्यावर कळला. मी कापसाची बारीक वात करून तिच्या उजव्या बुबुळाला कडेनं लावली. कुणाचीही पापणी अशा वेळी फडकन मिटते. तिची मिटली नाही. ती शांतपणे माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवशी मी जितका तत्पर झालो तितका आयुष्यात झालो नसेन. बाहेरचे पेशंट उठवून दिले, मुंबईला फोन केले, एमआरआयची वेळ घेतली, गाडी ठरवून दिली. व्यापारी तिच्या माणसांबरोबर आला होता. तो जिन्यात सगळ्यांना सांगत होता, "बघा, असा डॉक्टर पाहिजे. डोळ्याला कापूस लावला आणि पकडलं." त्या जिन्यात मी देवमाणूस झालो. खाली उतरून त्यांना थांबवायला मला तीन शब्द पुरले असते.

गाठ मोठी होती. मेंदूच्या देठाला एका अंगानं दाबून बसलेली.

ऑपरेशनच्या आधी ती एकदा दवाखान्यात येऊन गेली. मुंबईच्या तपासण्यांच्या गमती सांगत होती. हसत होती, तेव्हा तोंड सरळ होतं. "ती एमआरआय म्हंजे बोटीचं इंजिनच रं. आनि कानाची टेस तुज्यासारकी नाय करत ते. डाव्या कानात पावसावानी खरखर लावली. मंग उजवीकरं मना काय म्हंजे काय ऐकू नाय आलं. तुज्याकरं तं येत होतं."

"हो," मी म्हटलं.

"मशीन चांगली हाय तुजी," ती म्हणाली.

मुंबईच्या सर्जनना मी ओळखत होतो. ऑपरेशन बघायला येऊ का असं विचारलं, त्यांनी या म्हटलं. का गेलो ते नीट सांगता येत नाही. ज्याला शिक्षा हवी असते पण मागायची नसते, तो असल्या ठिकाणी जाऊन उभा राहतो.

कानामागची कवटी उघडून, लहान मेंदू हलकेच बाजूला धरून आत जायचं. मायक्रोस्कोपमधलं सगळं पडद्यावर दिसत होतं. पिवळसर, गुळगुळीत गाठ. ती आधी आतून पोखरून रिकामी करतात, मग तिचं कवच जपून सोडवत आणतात. चेहऱ्याच्या नसेला एक यंत्र जोडलेलं असतं. नसेला धक्का लागला की ते टकटकतं, म्हणजे नस सांगते, मी इथे आहे. सुरुवातीचे काही तास ती टकटक अधूनमधून ऐकू येत होती. नस निरोगी असते तेव्हा सुतळीसारखी गोल दिसते. इथं ती गाठीवर ताणून ताणून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पसरली होती. कुठं नस संपते आणि कुठं गाठ सुरू होते, ते त्या हातांनाही कळत नव्हतं, आणि तसे हात मी दुसरे पाहिले नाहीत. दुपार कलली. मग माझ्या लक्षात आलं, की बराच वेळ टकटक ऐकू आलेली नाही. सर्जननी नसेच्या मुळाशी तार टेकवली. शांत. पुन्हा टेकवली. भूलतज्ज्ञ बाईंनी यंत्राचा आवाज वाढवून पाहिला.

"गेली," सर्जन म्हणाले.

नंतर बाहेर हात धुताना ते म्हणाले, "जीव वाचेल. पण ही बाई दोन वर्षं आधी यायला हवी होती. तेव्हा गाठ लहान असणार, चेहरा बहुतेक वाचवला असता. कान गेल्यावर कुणाला दाखवलं होतं तिनं?"

"तिकडेच कुणीतरी," मी म्हणालो. "गावाकडे."

त्यांनी मान हलवली. "सांगायला पाहिजे या गावाकडच्या डॉक्टरांना. काटा कपाळाला लावला तरी कळतं."

मी नळ बंद केला.

ती वाचली. चालू लागली. चेहऱ्याची उजवी बाजू मात्र उतरली ती उतरलीच. डोळा पूर्ण मिटेना म्हणून पापणीचा कोपरा टाके घालून शिवला. बंदरावरच्या वाऱ्यानं डोळा लाल व्हायचा, सतत औषध घालावं लागायचं. पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ यायचा. आणि पुकारा गेला. ओठ जुळले नाहीत तर 'प' नीट निघत नाही, 'ब' निघत नाही. भाव पुकारणाऱ्या बाईला पाच, बारा, पंधरा, पन्नास हेच अवघड झालं. तिनं पुन्हा उभं राहून पाहिलं. नवीन पोरं हसायची, तिच्यासारखं तोंड करून दाखवायची. थोड्या दिवसांनी लिलाव सून पुकारू लागली आणि ती मागे पाटीवर पदर तोंडाशी धरून बसू लागली. डाव्या हातानं पदर नाकापर्यंत ओढून धरायची, नुसते डोळे दिसायचे. लग्नाकार्यात, एसटीत, कुठेही. व्यापारी मला म्हणाला, "बंदराचा आवाज गेला डॉक्टरसाहेब. पण शुक्र आहे, जान वाचली."

एका माणसासमोर ती तोंडावरचा पदर सोडायची. माझ्यासमोर. दवाखान्यात येऊन बसली की हात खाली घ्यायची आणि वाकडं तोंड उघडं ठेवून ऐसपैस बोलायची. "तुज्यासमोर कसली लाज? तुला आतलं पन ठाव हाय."

एकदा मी करंज्याला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. लिलाव चालू होता, सून पुकारत होती, बर्फ फोडण्याचा आवाज, इंजिनांचा आवाज. ती मागे बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन एका उपड्या पाटीवर बसलो आणि बोलायला लागलो. सगळं बोललो. काटा, तिचं बोट, माझा चढलेला आवाज, बंद पडलेली खरखर, हात धुताना सांगितलेलं खोटं. एरवी मी सलग इतका वेळ कधी बोलत नाही. ती समोर लिलावाकडे बघत होती.

मी थांबल्यावर तिला शेजारी कुणी आहे हे जाणवलं बहुधा. मान पूर्ण वळवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "अरे डाक्टर! कवा आलास? त्या अंगाला बसून काय बोलतोस, तो मेलेला कान हाय. इकरं ये."

मी तिच्या उजवीकडे बसलो होतो. कानाचा डॉक्टर. मला कळलं नव्हतं असं कोण म्हणेल?

मी उठून डावीकडे गेलो.

"काय म्हनत होतास?"

"काही नाही. मासळी ताजी आहे म्हटलं."

तिनं मला दोन पापलेट बांधून दिले.

त्यानंतरही बरीच वर्षं बोंबील येत राहिले. पनवेल बदललं. एमआरआयसाठी आता मुंबईला जावं लागत नाही, खारघरला होतं. मी नवं मशीन घेतलं, कानाच्या तपासणीला शिकलेली मुलगी ठेवली. एका बाजूचा कान गेलेला कुणीही आला की मी एमआरआय लिहून देतो. कुणाचं काही निघत नाही तेव्हा लोक म्हणतात, डॉक्टर उगाच तपासण्या करायला लावतो. म्हणू देत.

मागच्या शिमग्यानंतर ती शेजारच्या एका बाईला घेऊन दवाखान्यात आली. त्या बाईच्या डाव्या कानात काहीतरी वाजत होतं. "आमच्या डाक्टरला एका फटक्यात कळतं," ती जिन्यापासून सांगत आली होती.

मी काटा ठोकून बाईच्या कपाळाला टेकवला. "कुठल्या कानात वाजतो?"

बाई गोंधळली. डोळे मिटून ऐकायच्या ऐवजी तिनं वळून आपल्या सोबतिणीकडे पाहिलं.

"म्हंजे काय, इकरं काय बघतेस?" ती म्हणाली. "डाक्टरच्या तोंडाकरं बघ. त्याच्या तोंडावर समजतं काय सांगायचं ते."

ती चेष्टा करत नव्हती. मदत करत होती. इतकी वर्षं तिनं ते ज्ञान जपून ठेवलं होतं.

काटा माझ्या हातात वाजत वाजत थांबला. मी त्या बाईला म्हटलं, "डोळे मिटा. माझ्याकडे बघू नका. काय ऐकू येतं तेवढंच सांगा." तिच्या कानात मळाचा खडा होता, तो काढला, ती खूश होऊन खाली औषधाच्या दुकानात गेली. ही बसून राहिली, पदर खांद्यावर, वाकडं तोंड उघडं. पिशवीतून बोंबील काढत होती.

मी खुर्ची उचलली आणि तिच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली. मग सांगितलं. या वेळी हळू, कारण तिला सगळं ऐकू येत होतं. तिनं पहिल्यांदा डावीकडेच बोट दाखवलं होतं, ते बरोबर होतं, आणि मी तिला ते बदलायला लावलं. तेव्हाच मुंबईला पाठवायला हवं होतं. गाठ मी पकडली नाही, मी ती वाढू दिली.

बोंबील धरलेला तिचा हात पिशवीच्या तोंडाशी तसाच राहिला होता.

"मी पैलं बरोबर सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"तवाच काढली असती तं तोंड राहिलं असतं?"

"बहुतेक राहिलं असतं."

"भहुतेक," ती म्हणाली. तिच्या ओठांतून तो शब्द तसाच निघतो.

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडेल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. ती टेबलावरच्या काट्याकडे बघत होती. बोंबील तिनं परत पिशवीत ठेवले नाहीत आणि मला दिलेही नाहीत. ते उजव्या हातातच राहिले. मग तिनं डावा हात उचलला, खांद्यावरचा पदर पुढे ओढला आणि नाकापर्यंत घट्ट धरला. नुसते डोळे उरले, एक पूर्ण आणि एक कोपऱ्यात शिवलेला.

"खाली बाई वाट बगत असंल," ती पदराआडून म्हणाली, आणि उठली.